कैसरबागेतील परीखाना

लखनौस येणारे आपले मराठी पाहुणे गाडीतून उतरतानाच मनाशी एक यादी करून आलेले असतात. मोठा इमामवाडा, त्यातील भुलभुलैया, रूमी दरवाजा, रेसिडेन्सीचे भग्नावशेष, चौकातील चिकनचे कपडे आणि अमीनाबादेतील खाणे. ही यादी पुरी होऊन एखादी सकाळ उरली, तर आम्ही त्यांना कैसरबागेत घेऊन जातो. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आलाच तर ‘भातखंड्यांचे कॉलेज’ एवढेच उत्तर देतो. पाहुणे पुण्यामुंबईचे असले आणि गाण्याचे थोडेबहुत शौकीन असले, तर त्यांचा चेहरा एकदम खुलतो. आपला माणूस! मग आम्ही त्यांस सांगतो की, ज्या इमारतीत हे कॉलेज आहे तिचे नाव परीखाना. येथे मात्र बहुतेकांचा चेहरा किंचित गोंधळतो. हा लेख त्या गोंधळाविषयी आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपला गणेशोत्सव, आपली नाटके, आपले ग्रंथालय यांविषयी अधिकारी मंडळी लिहीतच आहेत. आम्ही बदलीच्या हुकमाने या शहरात आलेलो, त्यामुळे तो इतिहास सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु जी वास्तू आपली नव्हे, आणि तरीही जीत आपली माणसे गेली शंभर वर्षे तंबोरा मांडून बसली आहेत, तिच्याविषयी काही लिहावे, असे फार दिवस मनात होते.

कैसरबाग आज शहराच्या अगदी मध्यावर आहे. हजरतगंज हाकेच्या अंतरावर, अमीनाबाद दुसऱ्या अंगास. मोटारींचे भोंगे, बसगाड्या, वकिलांची लगबग, यांतून वाट काढीत आपण एका उंच, पिवळसर कमानीखालून आत शिरतो. हा लाखी दरवाजा. अशा दोन दरवाजांपैकी प्रत्येकास एक लाख रुपये खर्च आला म्हणून हे नाव, असे सांगतात. कमानीवर अवधच्या नबाबीचे चिन्ह असलेली माशांची जोडी दिसते. आत पूर्वीच्या विस्तीर्ण चौकाचा बराच भाग नव्या वस्तीने व्यापला असला, तरी मधोमध सफेद बारादरी उभी आहे, आणि तिच्या जवळच परीखान्याची इमारत आहे. बारीक लखौरी विटांचे काम, त्यावर चुन्याचा गिलावा, कमानींच्या ओळी, युरोपीय धर्तीचे स्तंभ आणि त्यांवर देशी वेलबुट्टी, असा हा सगळा मिश्र प्रकार आहे. फर्ग्युसनसारख्या इंग्रज कलापंडिताने लखनौच्या या शैलीस भरपूर नाके मुरडली. (पुण्याच्या कॉलेजचे फर्ग्युसनसाहेब निराळे, ते गव्हर्नर होते.) आम्हांस वास्तुशास्त्रातले कळत नाही. पण ज्या राजाने हे बांधले, त्याचे गाणेही असेच मिश्र, लवचिक आणि शास्त्राच्या कठोर रेषेबाहेर जाणारे होते, एवढे मात्र त्या कमानींकडे पाहताना जाणवते.

तो राजा वाजिद अली शाह. १८४७ साली तो अवधच्या गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी त्याने कैसरबागेचे काम सुरू केले. दोन वर्षांत हा राजवाड्यांचा समूह उभा राहिला. त्यावर ऐंशी लाख रुपये खर्ची पडले, असे म्हणतात. वाजिद अली शाह हा विलासी, नादान आणि राज्य घालवणारा राजा, हे चित्र आपण शाळेत शिकलो. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९७७ साली काढलेल्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटाने त्यात थोडी सहानुभूती मिसळली, एवढेच. वस्तुतः हा मनुष्य कवी होता, नाटककार होता, संगीतावर ग्रंथ लिहिणारा होता. ‘अख्तर’ हे त्याचे कविनाम. ठुमऱ्या तो ‘अख्तरपिया’ या नावाने रची. सैगलांनी १९३८ साली ‘स्ट्रीट सिंगर’ चित्रपटात गायिलेली भैरवीतील ठुमरी त्याचीच मानतात. युवराज असतानाच त्याने राधाकृष्णाची कथा नृत्यगायनासह रंगमंचावर आणली. त्याच सुमारास, १८४३ साली, सांगलीस विष्णुदास भावे ‘सीतास्वयंवर’ उभे करीत होते. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन दरबारांत एकाच काळी देशी नाटक जन्म घेत होते, हा योग मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्रावणात कैसरबागेत जोगिया मेळा भरे. त्या दिवशी राजा भगव्या वेषात जोगी होऊन बसे आणि सामान्य प्रजेलाही आत येण्याची मुभा असे.

परीखाना हे नाव ऐकून आपल्या मनात जे येते ते सर्वस्वी चूक नाही, पण अपुरे आहे. राजाने निवडलेल्या मुलींना येथे उस्तादांकडून गायन, वादन आणि नृत्य यांची तालीम मिळे. त्यांना ‘परी’ म्हणत. त्यांतील कित्येक अत्यंत गरीब घरांतल्या होत्या. कित्येकींचा राजाने पुढे अंतःपुरात समावेश केला, कित्येकींना सोडून दिले. त्या स्वखुशीने आल्या होत्या असे म्हणण्यास फारसा आधार नाही. तेव्हा ही कलाशाळा होती आणि सोन्याचा पिंजराही होता. आपल्या तरुणपणाची ही सारी हकीगत खुद्द राजाने विलक्षण मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. त्या आत्मवृत्ताचे शंभरावर चित्रांनी नटलेले हस्तलिखित आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहात आहे. ते तेथे का आहे, हे पुढील इतिहासावरून कोणासही ताडता येईल.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी रेसिडेंट औट्रम याने राजापुढे तहाचा कागद ठेवला. राज्य कंपनीच्या हवाली करावे आणि पेन्शन घेऊन स्वस्थ बसावे, असा त्याचा मथितार्थ. वाजिद अली शाहाने सही केली नाही. डोक्यावरील पगडी काढून त्याने ती औट्रमच्या हातात दिली. तीन दिवसांनी अवध खालसा झाले. राजा कलकत्त्यास गेला, बंडाच्या काळात फोर्ट विल्यमच्या किल्ल्यात स्थानबद्ध राहिला, आणि सुटल्यावर हुगळीच्या काठी मटियाबुर्ज येथे त्याने दुसरे छोटे लखनौ वसवले. तेथेच १८८७ साली तो वारला. आपल्या शहराचे तोंड त्याला पुन्हा दिसले नाही.

परंतु परीखान्यातील एक परी मागे राहिली होती. तिचे परीखान्यातील नाव महक परी; इतिहास तिला बेगम हजरत महल म्हणून ओळखतो. राजाने तिला जाताना बरोबर नेले नव्हते. जुलै १८५७ मध्ये तिने आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजीस कद्र याला, गादीवर बसवले आणि रेसिडेन्सीस वेढा घालून बसलेल्या लखनौचा कारभार हाती घेतला. १४ मार्च १८५८ रोजी इंग्रज फौजा कैसरबागेत शिरल्या. त्यानंतरची लूट ‘टाइम्स’चा वार्ताहर रसेल याने डोळ्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली. त्याच वर्षी फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने घेतलेल्या छायाचित्रांतून या परिसराची दशा आजही पाहावयास मिळते. बेगमने शरणागती पत्करली नाही. राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यास तिने स्वतःच्या जाहीरनाम्याने उत्तर दिले, नेपाळात आश्रय घेतला आणि १८७९ साली काठमांडूस देह ठेवला. परीखान्याच्या शेजारच्या व्हिक्टोरिया पार्कला १९६२ साली तिचे नाव मिळाले. झाशीच्या राणीविषयी आपण मराठी माणसे जितके भरभरून बोलतो, त्याच्या दशांशानेही या बाईविषयी बोलत नाही. निदान लखनौच्या मराठी माणसाने तरी बोलावे.

नबाबी गेली तशी कैसरबागेची रया गेली. रस्ते काढण्यासाठी कित्येक इमारती पाडण्यात आल्या. उरलेल्यांपैकी काही राजनिष्ठ तालुकदारांना वाटून दिल्या गेल्या, सफेद बारादरी तालुकदारांच्या सभेकडे आली. गवई, सारंगिये, पखवाजी, कथक यांतील काही राजामागोमाग मटियाबुर्जास गेले, काहींनी रामपूरच्या नबाबाचा आश्रय शोधला, काही गल्लीबोळांतील आपल्या घरी बसून राहिले. कालिका-बिंदादीन या कथक बंधूंची ड्योढी अजून लखनौत आहे, ती या तिसऱ्या वाटेची खूण. ज्या घरात उस्तादांची तालीम चाले, त्या घरातून गाणे बाहेर पडले ते जवळजवळ सत्तर वर्षे.

आता मुंबईकडे वळावयास हवे. लखनौ पडल्यानंतर दोनच वर्षांनी, १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी वाळकेश्वर येथे विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., पुढे एल्एल्. बी., काही काळ कराचीस आणि मग मुंबईस वकिली, असा सरळ मध्यमवर्गीय मार्ग. पण या वकिलाने संगीत हाच आपला खटला मानला. पुरावे गोळा करण्यासाठी तो हिंदुस्थानभर फिरला. १९०४ साली दक्षिणेत, पुढे नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, हैदराबाद, आणि १९०८ साली जबलपूर, प्रयाग, काशी, गया, मथुरा, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर. रेल्वेच्या त्या काळच्या डब्यांतून पोथ्या आणि टिपणवह्या घेऊन केलेला हा प्रवास सरकारी भत्त्यावर दौरे करणाऱ्या आमच्यासारख्यांनी मनात आणून पाहण्यासारखा आहे. संस्कृत ग्रंथांत एक संगीत, उस्तादांच्या कंठात दुसरे, आणि दोहोंचा मेळ बसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ‘चतुरपंडित’ या नावाने त्यांनी संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिले. दहा थाटांत रागांची मांडणी केली. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे चार भाग लिहिले, ते मराठीत. उत्तर हिंदुस्थानातील रागविद्येचा हा आधारग्रंथ मूळ मराठी आहे, हे लखनौच्या विद्यार्थ्यांना सांगितले की पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण त्यांच्या हाती हिंदी अनुवाद असतो.

शेकडो चिजा त्यांनी उस्तादांकडून मिळवल्या. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली, रामपूरचे वजीर खाँ, आणि असे कितीतरी. रामपुरास तर या पंडिताने शागिर्दी पत्करली. मिळालेल्या चिजा स्वरलिपीत बसवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत कुलूप लावून ठेवलेली दौलत पुस्तकांच्या दुकानात आली. आज कोणताही मुलगा ती विकत घेऊ शकतो. याचे मोल आपण पुरते जाणत नाही.

परंतु दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुस्तकातील चिजेखाली ती कोणाकडून मिळाली, हे बहुधा छापलेले नसते. विद्यार्थी म्हणतो, ‘भातखंड्यांची बंदिश’. ज्या उस्तादाने ती कदाचित मुलालाही न देता या मुंबईच्या वकिलाला दिली, त्याचे नाव तेथे नाही. उस्ताद अडाणी, त्यांना शास्त्र ठाऊक नाही, असा सूर भातखंड्यांच्या लिखाणात वारंवार लागतो. उस्तादांकडूनही उत्तर होतेच: कागदावर सूर लिहिता येतो, पण दोन सुरांमधली वाट कशी लिहिणार? आमच्या मते दोघांचेही म्हणणे खरे होते. आपण मराठी माणसे भातखंड्यांचा अभिमान जरूर बाळगू. मात्र तो बाळगताना या देण्याची नोंद त्याच पानावर असावी.

हिंदुस्थानी संगीताचे राष्ट्रीय विद्यापीठ असावे, हे भातखंड्यांचे स्वप्न. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हापासून ते यासाठी झटत होते. दुसरी परिषद १९१८ साली दिल्लीस, तिसरी १९१९ साली काशीस. दिल्लीत अकादमी व्हावी असे ठराव झाले. ठरावांचे पुढे काय होते, हे आम्हां सरकारी माणसांस वेगळे सांगणे न लगे. अखेर १९२४ आणि १९२५ साली चौथी आणि पाचवी परिषद लखनौस भरली, आणि येथे गोष्टी हलल्या. कारण येथे तिघेचौघे खटपटी लोक होते. दरियाबादचे तालुकदार राय उमानाथ बली, त्यांच्याच घराण्यातील आणि त्या वेळी संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री असलेले राय राजेश्वर बली, आणि राजा नवाब अली खाँ. या नवाब अलींनी भातखंड्यांच्या पद्धतीस अनुसरून ‘मआरिफुन्नगमात’ हा संगीतग्रंथ उर्दूत लिहिला होता. मुंबईचा ब्राह्मण वकील, अवधचे हिंदू आणि मुसलमान तालुकदार, आणि उस्ताद मंडळी, अशी ही जूट होती. ज्या दशकात उत्तर हिंदुस्थानात मशिदीपुढील वाद्यांवरून दंगे होत होते, त्याच दशकात त्याच मुलखात हे एकत्र बसून अभ्यासक्रम ठरवीत होते.

जुलै १९२६ मध्ये वर्ग सुरू झाले. १६ सप्टेंबर १९२६ रोजी गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले आणि संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले: मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक. हे साहेब होमर आणि कॅटलस यांच्या काव्याचे इंग्रजी भाषांतर करणारे रसिक गृहस्थ होते. पण हिंदुस्थानी संगीताच्या कॉलेजला त्यांचे नाव पडले ते गव्हर्नर म्हणूनच. अनुदान हवे असेल तर नाव द्यावे लागते. भातखंडे व्यवहारी होते. कॉलेज आरंभापासून कैसरबागेच्याच आसमंतात होते. परीखान्याची वास्तू मिळाली आणि तेथे ते स्थिरावले.

मग परीखान्यात पुन्हा गाणे सुरू झाले. पण कोणते? येथे इतिहासाने एक थट्टा केली आहे. या घराचे मूळचे गाणे म्हणजे ठुमरी, मूळचे नृत्य म्हणजे कथकाचा लखनवी अंग. भातखंड्यांच्या अभ्यासक्रमाचा सारा भर ध्रुपद, धमार आणि ख्याल यांवर. ठुमरीला त्यात गौण स्थान. कोठ्यावरच्या गाण्यापासून संगीत सोडवून सभ्य घरांत आणावयाचे, हा त्या पिढीचा निश्चय होता, आणि ठुमरीला कोठ्याचा वास येत होता. म्हणजे ज्या दिवाणखान्यात अख्तरपियाच्या ठुमऱ्या बसवल्या गेल्या असतील, तेथे मुले यमनचे लक्षणगीत पाठ करू लागली! याबद्दल भातखंड्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु १९२६ साली प्रतिष्ठित घरातील बापाने आपली मुलगी गाणे शिकावयास घराबाहेर पाठवावी, आणि तीही परीखाना नावाच्या इमारतीत, ही कल्पना करून पाहावी. पाटी, तक्ता, परीक्षा, प्रमाणपत्र, हजेरीपट, या रुक्ष वस्तूंनी तो दरवाजा उघडला. पुढे सुमती मुटाटकर यांच्यासारख्या विदुषीने डॉक्टर ऑफ म्युझिक ही पदवी मिळवली ती याच परंपरेत. परीखान्यातील पहिल्या मुलींना कोणी त्यांची इच्छा विचारली नव्हती. या मुली आपण होऊन आल्या, फी भरून आल्या, आणि संध्याकाळी आपापल्या घरी गेल्या. इमारतीच्या पावणेदोनशे वर्षांतील सर्वांत मोठा फरक आम्हांस हाच दिसतो.

कॉलेज उभे केले भातखंड्यांनी, जगवले मात्र श्रीकृष्ण नारायण तथा अण्णासाहेब रातंजनकर यांनी. हे भातखंड्यांचे शिष्य, आणि बडोद्यास आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ यांच्याकडे शिकलेले. म्हणजे पंडिताचे शास्त्र आणि उस्तादाचा गळा, दोन्ही वारसे एकाच माणसात. १९२८ साली ते प्राचार्य झाले आणि सुमारे तीस वर्षे त्यांनी ही धुरा वाहिली. १९३६ साली, गणेशचतुर्थीच्या दिवशी, भातखंडे निवर्तले. पैशाची ओढाताण कायमचीच होती. पण वर्गातील तासाने गवई होत नाही, हे अण्णासाहेब ओळखून होते. होतकरू मुलांना त्यांनी आपल्या घरीच ठेवून घेतले. बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे वयाच्या अकराव्या वर्षी आले ते त्यांच्या घरातलेच झाले. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, हे सारे याच घरचे. म्हणजे दिवसा परीखान्यात कॉलेज आणि पहाटे व रात्री अण्णासाहेबांच्या बिऱ्हाडी गुरुकुल. ज्या पद्धतीला पर्याय म्हणून कॉलेज निघाले, तीच पद्धती कॉलेजच्या प्राचार्यांच्या घरी जिवंत होती. भातखंडे-पद्धतीतून गवई निर्माण होत नाहीत, असा आक्षेप घेणाऱ्यांस हे एक उत्तर आहे. आणि आक्षेप अगदीच खोटा नव्हता, याचा पुरावाही तेच आहे.

शिक्षकवर्गही पाहण्यासारखा होता. तबल्यास लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ, सरोदास सखावत हुसेन खाँ, पुढे व्हायोलिनला आपले विष्णु गोविंद जोग. कथक शिकवण्यास मोहनराव कल्याणपूरकर आले, म्हणजे घुंगरूही परीखान्यात परतले. विद्यार्थ्यांतून सगळेच मैफलीचे गवई झाले नाहीत. पहाडी सन्याल कलकत्त्याच्या चित्रपटांत गेले. रोशन संगीतदिग्दर्शक झाले. लखनौचाच एक हळव्या गळ्याचा तरुण येथे भटसाहेबांपाशी शिकला, तो तलत महमूद. सिनेमाच्या गाण्याकडे नाक वर करून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रसंगवशात सांगावयाचे, तर स्वातंत्र्यानंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवर कलावंतांची कसोटी घेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा परीक्षक म्हणून अण्णासाहेबांना नामवंत गवयांचा मोठा रोष पत्करावा लागला. मंत्रीही मराठी, परीक्षकही मराठी. उत्तरेतील उस्तादांना काय वाटले असेल, याचा विचार आपल्याकडे क्वचितच झाला. पुढे अण्णासाहेब खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. त्यांच्या रचना ‘अभिनवगीतमंजरी’त आहेत.

नंतरचा इतिहास पाट्यांचा आहे. १९६६ साली राज्य सरकारने संस्था ताब्यात घेतली, मॅरिसचे नाव गेले आणि भातखंड्यांचे आले. २००० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२२ साली राज्याच्या कायद्याने ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय झाले. रिक्षावाल्यास यांपैकी कोणतेही नाव सांगून उपयोग नाही. ‘भातखंडे’ म्हटले की तो बरोबर आणून सोडतो. तो उच्चार ‘भातखण्डे’ असा काहीसा ठासून करतो, आणि हे आडनाव आहे, गावाचे नाव नव्हे, हे त्यास सांगण्याच्या भरीस आम्ही पडत नाही.

सकाळी येथे गेल्यास एकाच वेळी चार वर्गांतून चार राग कानी पडतात. एकीकडे तबल्याचा कायदा, पलीकडे कोणाचे ‘ता थेई तत्’, कुठेतरी सतारीची जुळणी. हे सारे एकमेकांवर आदळत असते आणि नवख्यास तो गोंगाट वाटतो. आम्ही पाहुण्यांना अंगणात थोडा वेळ उभे राहावयास सांगतो. हळूहळू कान एकेक धागा वेगळा करू लागतो.

ठुमरीची गोष्ट अर्धी सांगून सोडली आहे, ती पुरी केली पाहिजे. या शहरात अख्तरीबाई फैजाबादी नावाची गायिका होती. ठुमरी, दादरा, गझल हे तिचे क्षेत्र. ज्या जगापासून संगीत सोडवून न्यावे असे भातखंड्यांच्या पिढीला वाटत होते, त्याच जगातून ती आली होती. एका बॅरिस्टरशी विवाह झाल्यावर काही वर्षे तिने गाणे सोडले, पुन्हा धरले, आणि ती बेगम अख्तर झाली. आयुष्याच्या उत्तरार्धात या बेगम अख्तर भातखंडे कॉलेजात मानद प्राध्यापिका म्हणून शिकवीत असत. अभ्यासक्रमाने समोरच्या दाराशी थांबवलेले गाणे अशा रीतीने आपल्या जुन्या घरी आले, तेही अध्यापिकेच्या खुर्चीवर बसून. कविनाम ‘अख्तर’ धारण करणाऱ्या राजाच्या परीखान्यात, दुसऱ्या अख्तरने शिकवलेली ठुमरी!

१९७४ सालच्या फेब्रुवारीत अण्णासाहेब रातंजनकर गेले, आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला अहमदाबादेस बेगम अख्तर गेल्या. त्यांना लखनौस आणून ठाकुरगंजमधील पसंदाबागेत त्यांच्या आईशेजारी दफन केले. कैसरबागेतून तेथे जावयास फार वेळ लागत नाही. पाहुण्यांपाशी दुपारही मोकळी असली, तर आम्ही रिक्षा तिकडे वळवतो.